पाटण्याच्या अफवा आणि एक डॉलर

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहारची जमीन हादरली. मुंगेरचा बाजार काही मिनिटांत ढिगारा होऊन पडला. मुजफ्फरपूर, मोतिहारी, सीतामढी, दरभंगा या भागांत शेतांना भेगा पडल्या, त्यांतून पाण्याबरोबर वाळू उसळून वर आली आणि उभी पिके तिच्याखाली गाडली गेली. तिकडे काठमांडूचे खोरेही उद्ध्वस्त झाले. भूकंपाची तीव्रता आठच्या आसपास होती. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे दगावली.

जमीन थांबली आणि माणसे बोलू लागली. तारा तुटलेल्या, रूळ वाकलेले, रस्ते उखडलेले. खरी बातमी पोहोचायला वाटच नव्हती. मग एकेक आवई उठत गेली. १८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्यात भयंकर वादळ होणार. २३ जानेवारी घाताचा दिवस आहे, त्या दिवशी काय ओढवेल याचा नेम नाही. चंद्रग्रहणाला पुन्हा मोठा भूकंप होणार. नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा मधुबनीवर चालून येतो आहे. भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणीच नाहीसे झाले आणि स्नानाला उतरलेली माणसे वाळूत रुतली.

शहाणासुरता माणूस अशा गोष्टी ऐकून सोडून देतो. जमुना प्रसाद या बिहारी मानसशास्त्रज्ञाने त्या सोडून दिल्या नाहीत. त्यांनी अफवा गोळा केल्या, त्यांची वर्गवारी केली आणि १९३५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त त्यांवर पंधरा पानांचा निबंध प्रसिद्ध केला. विसाव्या शतकातल्या सामाजिक मानसशास्त्राची एक मोठी शाखा या पंधरा पानांतून फुटली आहे. मानसशास्त्रात पदवी घेतलेल्या दहा जणांना जमुना प्रसाद कोण असे विचारले, तर एखाद्यानेच उत्तर दिले तरी नशीब म्हणायचे. लिऑन फेस्टिंगर हे नाव मात्र दहाही जण सांगतील. या दोन नावांमधले अंतर कसे पडले, ते कापताना विचाराचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे. विद्वानाचा प्रभाव म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

प्रसाद यांच्या निबंधाचे मोठेपण त्यांच्या नजरेत आहे. अफवा म्हणजे अडाण्यांचा बाजार, असे त्यांनी कुठेही गृहीत धरलेले नाही. कोणत्या परिस्थितीत अफवा उगवते, हे त्यांनी विचारले आणि पाच लक्षणे सांगितली. घटनेने भावना ढवळून निघालेल्या असतात. घटना नेहमीच्या अनुभवाबाहेरची असते. तिच्याविषयी बरेच काही ठाऊक नसते. जे कानावर येते त्याची शहानिशा करण्याची सोय नसते. आणि पाचवे लक्षण असे की, घटनेशी साऱ्या समूहाचा संबंध असतो. अर्धवट माहिती हातात असलेली माणसे एकत्र येऊन, परंपरेने दिलेल्या कल्पनांच्या आधारे, घडलेल्याचा अर्थ लावत असतात. ग्रहण, प्रलय, गंगा हे सगळे त्या समाजाच्या घरचेच सामान होते. पुढे १९५० मध्ये प्रसाद यांनी बिहारच्या अफवा इतर देशांतल्या आणि जवळजवळ हजार वर्षांच्या काळातल्या भूकंपांच्या अफवांशी ताडून पाहिल्या. त्यांत त्यांना ठळक साम्य आढळले. तेव्हा ‘हिंदुस्थानी मन भोळे असते’ म्हणून हा विषय मिटवण्याची वाटही बंद झाली.

अर्थ लावण्याची ही गरज काही केवळ बाजारात बसलेल्यांची नव्हती. त्याच जानेवारीत महात्मा गांधींनी तिरुनेलवेलीत बोलताना हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे असे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला कडाडून विरोध केला आणि गांधींनी तो विरोध १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये छापलाही. एवढ्या मोठ्या दोन माणसांना या धरणीकंपाच्या अर्थावरून भांडावे लागले, तिथे घाटावरच्या माणसाने ग्रहणाची तारीख धरली तर त्याला हसण्याचा अधिकार कुणाला?

आता दृश्य बदलते. १९५१ च्या अखेरीस अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनच्या वर्तनशास्त्र विभागाचे प्रमुख बर्नार्ड बेरेलसन यांनी फेस्टिंगर यांच्याकडे एक काम सोपवले: संप्रेषण आणि सामाजिक प्रभाव या विषयावर आजवर जे संशोधन झाले आहे ते तपासून त्यातून काही सूत्रबद्ध विधाने काढायची. फेस्टिंगर तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात होते. सहकाऱ्यांसह ते अफवांच्या संशोधनाकडे वळले आणि तिथे त्यांना प्रसाद यांचा निबंध भेटला. त्यातल्या एका गोष्टीपाशी ते अडले. धक्का बसला, पण घर पडले नाही, आजूबाजूला प्रेत दिसले नाही, अशा भागातली माणसे याहूनही भयंकर संकटांच्या गोष्टी पसरवत होती. संकटातून वाचलेल्याने सुटकेचा निःश्वास टाकावा. त्याने स्वतःला आणखी घाबरवून का घ्यावे?

फेस्टिंगर यांनी प्रश्न उलटा केला. या गोष्टींमुळे भीती उत्पन्न होत होती असे का मानायचे? भीती तर आधीच होती. धक्क्याने काळजात धडकी भरलेली होती आणि डोळ्यांसमोर भिण्यासारखे काहीच दिसत नव्हते. मनातली भीती आणि समोरचे शाबूत घर यांचा मेळ बसेना. ‘परवा वादळ आहे’ म्हटले की तो बसतो. भीतीला कारण मिळते. तर या गोष्टी भीतीचे समर्थन करणाऱ्या होत्या. पडताळ्यासाठी त्यांच्यापुढे दुसरे भारतीय उदाहरण होते. दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० साली दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्यानंतरच्या वार्ता आणि अफवांचा अभ्यास करून १९५२ मध्ये तो त्याच ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. तिथे माणसांनी नुकसान डोळ्यांनी पाहिले होते, भीतीला कारण समोर पडलेले होते. आणि तिथे ‘पुढे याहून मोठे संकट येणार’ या जातीच्या अफवा फेस्टिंगर यांना आढळल्या नाहीत.

मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता कमी करण्यासाठी धडपडतो. १९५७ च्या ‘अ थिअरी ऑफ कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ या पुस्तकाचा गाभा एवढाच आहे. मराठी पाठ्यपुस्तके याला बोधात्मक विसंवाद म्हणतात. फेस्टिंगर यांनी प्रस्तावनेत बिहारच्या भूकंपाची हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे आणि पुस्तकात प्रसाद व सिन्हा दोघांचाही आधार दिला आहे. त्यांच्यावर उचलेगिरीचा आळ घालणे अन्यायाचे होईल. ऋण फेस्टिंगर यांनी मान्य केले. ते विसरले नंतरच्या लोकांनी.

फेस्टिंगर मुळात कोण, हेही पाहायला हवे. ८ मे १९१९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, रशियातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सिटी कॉलेजातून पदवी घेऊन ते आयोवाला गेले ते कुर्ट लेविन यांच्यापाशी शिकायला. लेविन हे नाझींच्या जर्मनीतून बाहेर पडलेले, आणि सामाजिक मानसशास्त्राला प्रयोगशाळेचा रस्ता दाखवणाऱ्यांतले अग्रणी. फेस्टिंगर यांचा ओढा आधी संख्याशास्त्राकडे होता. महायुद्धाच्या काळात त्यांनी रॉचेस्टरला संख्याशास्त्रज्ञ म्हणून कामही केले. सामाजिक मानसशास्त्रात ते खऱ्या अर्थाने शिरले १९४५ नंतर, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत.

तिथे विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वेस्टगेट वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री जमते, याचा त्यांनी स्टॅन्ली शॅक्टर आणि कुर्ट बॅक यांच्याबरोबर अभ्यास केला. एकाच मजल्यावर शेजारच्या दाराआड राहणाऱ्यांत मैत्री असण्याचे प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून राहणाऱ्यांत २२ टक्के आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत अवघे १० टक्के होते. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही, पण ठाऊक असलेले मोजून दाखवणे हे वेगळे काम असते. १९५४ मध्ये त्यांनी सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. आपण कितपत बरोबर आहोत, कितपत सक्षम आहोत, हे मोजायला बाहेर पट्टी नसली की माणूस आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाकडे पाहतो, असे तो सांगतो. त्यानंतर तीनच वर्षांनी विसंवादाचे पुस्तक आले.

आणि १९५९ मध्ये तो प्रयोग. स्टॅनफर्डच्या ७१ विद्यार्थ्यांना एक तास जीव विटेल असे काम देण्यात आले: अर्धा तास तबकात रिळे भरायची, काढायची, पुन्हा भरायची, पुढचा अर्धा तास फळीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या एकेक करून पाव वळसा फिरवत बसायचे. मग काहींना विनंती करण्यात आली की बाहेर थांबलेल्या मुलीला ‘काम फार मजेचे आहे’ असे सांगा. या थापेबद्दल काहींना एक डॉलर मिळाला, काहींना वीस. शेवटी प्रत्येकाला विचारले, काम खरोखर कसे वाटले? उणे पाच ते अधिक पाच या मापावर वीस डॉलरवाल्यांची सरासरी उणे ०.०५ आली, ज्यांना थाप मारायला सांगितलेच नव्हते त्यांची उणे ०.४५, आणि एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५. वीस डॉलर मिळालेल्याकडे खोटे बोलण्याला कारण होते. एक डॉलरवाल्याकडे ते पुरेसे नव्हते, म्हणून त्याने आपले मतच बदलले. बक्षीस जितके मोठे तितका परिणाम मोठा, असे मानणाऱ्या त्या काळच्या मानसशास्त्राला हा थेट धक्का होता. जेम्स मेरिल कार्लस्मिथ हे या प्रयोगातले सहकारी तेव्हा पदवीचे शिक्षण घेत होते.

पुढे, १९६४ च्या आसपास, फेस्टिंगर यांनी हे सगळे सोडले. ते डोळ्यांच्या हालचाली आणि दृष्टीच्या संवेदनाकडे वळले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये गेले. १९७९ मध्ये प्रयोगशाळाच बंद केली आणि प्रागैतिहासिक माणसाचा अभ्यास सुरू केला. ‘द ह्यूमन लेगसी’ हे पुस्तक १९८३ मध्ये आले. ११ फेब्रुवारी १९८९ रोजी ते वारले तेव्हा मध्ययुगातल्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचे तंत्रज्ञानाविषयीचे धोरण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. सामाजिक मानसशास्त्रात ते जेमतेम वीस वर्षे होते. तरीही २००२ मध्ये विसाव्या शतकातल्या शंभर नामवंत मानसशास्त्रज्ञांची एक यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात स्किनर, पियाजे, फ्रॉइड आणि बंडुरा यांच्यानंतर पाचवे नाव फेस्टिंगर यांचे होते. नियतकालिकांतले आणि पाठ्यपुस्तकांतले उल्लेख, मानसशास्त्रज्ञांची मते, मिळालेले सन्मान असे सगळे मोजून ती यादी केलेली होती.

त्या यादीत जमुना प्रसाद नाहीत. असण्याचे कारणही नाही. एका निबंधाने कोणी शंभरांत येत नाही. मुद्दा वेगळाच आहे. अशी यादी नावे मोजते. विचार एका हातातून दुसऱ्या हातात गेला तेव्हा काय पोहोचले आणि काय सांडले, ते यादीला मोजता येत नाही. या प्रकरणात बरेच सांडले आहे.

प्रसाद यांच्या पाच लक्षणांतले शेवटचे आठवावे: घटनेशी साऱ्या समूहाचा संबंध असतो. बिहारच्या अफवा चौकाचौकांत, माणसांच्या घोळक्यात जन्मल्या होत्या. फेस्टिंगर यांनी त्या उचलल्या आणि एका माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवल्या. त्याची भीती, त्याचे शाबूत घर, त्या दोहोंतला विसंवाद. शेजारी, घाट, जोतिषी, तुटलेल्या तारा, सगळे मागे राहिले. अखेरीस उरला तो खोलीत एकटा बसलेला, हातात एक डॉलर घेतलेला विद्यार्थी. प्रयोगासाठी हे फार सोयीचे होते यात शंका नाही. पण बिहारच्या माणसाला वादळाची धास्ती का वाटली, याचे एक साधे उत्तर या सोयीत हरवले. मोठ्या भूकंपानंतर जमीन पुन्हा पुन्हा हादरत राहते. दुसऱ्या धक्क्याची वाट पाहणारा माणूस मनाचे समाधान करत बसलेला असेलच असे नाही. तो शहाणपणानेही वागत असेल. कोणाला विचारावे, कोणावर विश्वास ठेवावा हे त्याला कळत नव्हते, आणि तो प्रश्न तो दहा जणांत बसून सोडवत होता. सारे श्रेय विसंवादाला देताना फेस्टिंगर यांनी हा भाग हलका धरला, आणि तिथे त्यांचे चुकले.

ही एकट्या फेस्टिंगर यांची चूक नव्हती, तो त्या काळच्या विद्येचाच कल होता. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ रूमर’ हे पुस्तक १९४७ चे. त्यांच्या प्रयोगात एक जण चित्र पाहून दुसऱ्याला वर्णन सांगतो, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी चालते. त्यांचे प्रसिद्ध चित्र रेल्वेच्या डब्यातले आहे. त्यात वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात आहे, पण सांगता सांगता निम्म्याहून अधिक वेळा तो काळ्या माणसाच्या हातात गेला. पूर्वग्रहाचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण. पण या साखळीत कोणी कोणाला उलट विचारत नाही, शंका काढत नाही, ‘तुला कोणी सांगितले?’ म्हणत नाही. खऱ्या अफवेत माणसे हेच तर करतात. तमोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाने महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना कोंडले त्या छावण्यांत अफवा जवळून पाहिल्या होत्या. १९६६ च्या ‘इम्प्रोव्हाइज्ड न्यूज’ या पुस्तकात त्यांनी अफवा म्हणजे बातमीच्या दुष्काळात समूहाने जुळवून घेतलेली बातमी असे सांगितले. प्रसाद १९३५ मध्येच या विचाराच्या उंबरठ्यावर उभे होते. प्रशांत बोर्डिया आणि निकोलस डिफॉन्झो यांनी २००२ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. सामाजिक मानसशास्त्र ‘कमी सामाजिक’ कधी आणि कसे झाले, हा त्यांच्या लेखाचा प्रश्न होता आणि त्याच्या मध्यभागी प्रसाद होते.

मूळ माणूस विसरला की पुढच्या कामाची तपासणीही ढिली पडते. फेस्टिंगर यांचे दुसरे गाजलेले पुस्तक ‘व्हेन प्रॉफेसी फेल्स’, १९५६ चे, हेन्री रिकेन आणि शॅक्टर यांच्याबरोबर लिहिलेले. शिकागोजवळच्या एका बाईला परग्रहावरून संदेश येत असत: २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि निवडक भक्तांना उडती तबकडी घेऊन जाणार. पूर आला नाही, तबकडीही आली नाही. तरी भक्तांची श्रद्धा उलट दुणावली आणि ते प्रचाराला लागले, असे पुस्तक सांगते. बिहारच्या हकिगतीला शोभेल अशीच ही जोड. पण त्या छोट्या गटात संशोधकांनी गुपचूप पेरलेल्या निरीक्षकांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. आत शिरकाव मिळावा म्हणून काहींनी बनावट अनुभव सांगितले; एकीने पुराचे स्वप्न पडल्याचे सांगितले आणि भक्तांनी तो दैवी दुजोरा मानला. हे पुस्तकातच लिहिलेले आहे. २०२५ मध्ये थॉमस केली यांनी फेस्टिंगर यांची जतन केलेली कागदपत्रे तपासून याहून पुढचा आक्षेप घेतला. गट प्रचार आधीपासूनच करत होता, श्रद्धा पुढे फार टिकली नाही आणि निरीक्षकांनी घटनांना वळण दिले, असे त्यांचे म्हणणे आहे. सत्तर वर्षे हे उदाहरण वर्गावर्गांतून सांगितले गेले आहे.

एक डॉलरच्या वाटेवरचा मुख्य प्रयोगप्रकारही नव्याने तपासला गेला. विद्यार्थ्याला स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावायचे. काहींना ‘लिहायचे की नाही ते तुम्ही ठरवा’ असे सांगायचे, काहींना नुसता हुकूम द्यायचा. सिद्धांताप्रमाणे मत जास्त बदलायला हवे ते स्वतःहून लिहिणाऱ्यांचे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळा आणि ४,८९८ माणसे होती. मताविरुद्ध लिहिणाऱ्यांची मते थोडी सरकली खरी, पण निवडीची मोकळीक असणे-नसणे याने अपेक्षित फरक पडला नाही. विसंवाद म्हणून काही नसतेच, असे यातून सिद्ध होत नाही. सिद्धांताचा खांब समजला गेलेला एक भाग डळमळला आहे, एवढे मात्र मान्य करायला हवे. फेस्टिंगर यांच्या मोठेपणाला यामुळे बाधा येत नाही. चुकीचे ठरू शकेल इतके स्पष्ट विधान करणे, हे त्यांनी विद्येला दिलेले देणे होते, आणि आज त्या विधानाला धडका देता येतात त्या त्याच स्पष्टपणामुळे.

याच्या उलट टोकाला डिडेरिक स्टापेल आहेत. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ आकड्यांच्या दृष्टीने हेवा वाटावा असे होते: निबंधांची रीघ, मोठी पदे, ‘सायन्स’सारख्या नियतकालिकात जागा. उट्रेख्टच्या अस्वच्छ रेल्वे स्थानकावर माणसे जास्त भेदभाव करतात, हा त्यांचा शोध एप्रिल २०११ मध्ये जगभर छापला गेला. सप्टेंबरमध्ये त्यांचे बिंग फुटले. माहिती गोळा केलेलीच नव्हती, घरी बसून रचलेली होती. पुढे त्यांचे ५८ लेख मागे घेण्यात आले. त्यांचे लेख मोजणारे सगळे हजर होते. संशय आला तो त्यांच्या हाताखालच्या तरुण संशोधकांना, आणि बोलण्याची जोखीमही त्यांनीच घेतली.

भारतातल्या विद्यापीठांना या दोन कहाण्यांची आज गरज आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांना गुणांची जोड दिली: निबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. हेतू चांगला होता. वशिल्याला आळा बसावा. झाले असे की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची दुकाने गल्लोगल्ली उघडली. त्यांना लगाम घालायला २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, आणि काही वर्षांत आयोगाने ती यादीही मोडीत काढली. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला ‘एच’ निर्देशांक आता प्राध्यापकांच्या परिचयपत्रात नावाखालीच झळकतो. ज्याला मोजमाप नको त्याला वशिला हवा असतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो हसून उडवता येणार नाही. पण मोजायचेच असेल तर निदान विचारावे: या माणसाच्या कामातून कोणता प्रश्न नव्याने उभा राहिला? त्याने गोळा केलेले साहित्य दुसऱ्या कोणाला उपयोगी पडले का? १९३५ साली जमुना प्रसाद अशा गुणपत्रिकेला सामोरे गेले असते तर बाजारगप्पांवरच्या एका निबंधाला किती गुण मिळाले असते, याची कल्पना करता येते.

प्रसाद यांची ती सांडलेली पाचवी अट मराठी मुलखाला फार महाग पडली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी आवई मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. प्रसाद यांची पाचही लक्षणे तिथे हजर होती: पेटलेल्या भावना, अनोळखी पाहुणे, अपुरी माहिती, शहानिशेची सोय नाही, आणि लेकरांचा प्रश्न म्हणजे साऱ्या गावाचा प्रश्न. फेस्टिंगर यांचेही ऐकावे. भीती आधी घरात शिरली होती. तिला चेहरा हवा होता, तो बाजारात आलेल्या भटक्या माणसांत मिळाला. त्या वर्षी व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवा म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी साखळी, हीच कल्पना या उपायामागे होती. साखळी मंदावली. पण १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच आवईपायी मारले गेले. गाव मिळून भीतीचा अर्थ लावत असताना त्यात विश्वासाचा माणूस, मग तो शिक्षक असो, सरपंच असो की पोलीस पाटील, वेळेवर आणि खऱ्या माहितीसह पोहोचतो का, हा प्रश्न तंत्राने सुटणारा नाही. प्रसाद यांनी दाखवलेल्या दिशेने काम करणाऱ्याला इथे अजून संपूर्ण रान मोकळे आहे.

दार्जिलिंगच्या दरडींचा अभ्यास करणारे दुर्गानंद सिन्हा पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेले, १९६१ मध्ये तिथला मानसशास्त्र विभाग उभा केला, आणि भारतीय माणसाचा अभ्यास भारतीय वास्तवातून व्हावा असा आग्रह आयुष्यभर धरला. त्या आग्रहाला अभिमानाची जोड नक्कीच होती, पण त्याचा आधार कामाचा होता. त्यांनी स्वतः गोळा केलेली सामग्री जगातल्या एका मोठ्या सिद्धांताच्या पायात घातली गेली होती.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत दरवर्षी हजारो मुले बोधात्मक विसंवाद शिकतात. एक डॉलर आणि वीस डॉलर, खुंट्या आणि रिळे, हे सगळे ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहून येतात. त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे: या वर्षी तो पाठ स्टॅनफर्डपासून सुरू करू नका. आधी १५ जानेवारी १९३४ ची दुपार सांगा, तुटलेल्या तारा सांगा, २३ तारखेच्या घाताची आवई सांगा, आणि फळ्यावर पहिले नाव जमुना प्रसाद यांचे लिहा. मग मुलांना आपापल्या गावात पाठवा आणि तिथे सध्या कोणती आवई उठली आहे, ते त्यांना लिहून आणायला सांगा.